पोरीच्या हातातलं काम

ये, अशी जवळ ये. दारात उभं राहून काय बोलतीस? पाय धू, पाणी पी आणि बस इथं, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. तो मोबाइल पालथा ठेव आधी. हां. आलीस की निघायची भाषा करतीस, बसलीस की उठायची. अगं, माहेरी आलेली लेक अशी टेकल्यासारखी बसती का कुठं? एस.टी. लागलीय का तुझी?

असं सगळं मी तुला म्हटलं असतं. पण तू आहेस कुठं म्हणायला? तू तिकडं संभाजीनगरात, मी इकडं केजवरनं जीपनं यावं लागतं अशा गावात. फोनवर मी जरा बोलायला लागले की तू म्हणतीस, "आई, मीटिंग आहे, नंतर करते." म्हणून कागद घेतला. कागदाला मीटिंग नसते. तुला वाटेल, आई मला माझ्याच घरातलं काय सांगत बसलीय. तर तुझ्या बाजूनं तुला ठाऊक आहे सगळं. माझ्या बाजूनं कोण सांगणार?

राग आलाय मला. लई राग आलाय. परवा तू भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलंस, "आई, हिची परीक्षा झाली की हॉस्टेलच्या शाळेत घालतोय. तिथं बरोबर शिस्त लावतात. सगळं घड्याळावर असतं." येळवशीला, त्या वेळा अमावास्येच्या सणाला, शेतात तू हेच बोलली होतीस, तेव्हा मी म्हटलं, रागाच्या भरात बोलली असेल, पोटात नसेल. परवा तू थंड डोक्यानं बोललीस. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

नऊ वर्षांची पोर. तिनं गुन्हा काय केला? कुणाला मारलं नाही, खोटं बोलली नाही. तर ती हळू आहे. तिचं लक्ष लागत नाही. एक काम करता करता दुसरीकडंच बघत बसती. एवढ्यासाठी तिला घराबाहेर काढायचं?

हॉस्टेलला मी नावं ठेवत नाही. तुझा भाऊ अंबाजोगाईला राहूनच शिकला. पण तो हट्ट करून गेला होता, त्याला इथली शाळा पुरत नव्हती. ही पोर हट्टानं चालली नाही. हिला तू धाडतीयस, कावून, तर तुला सकाळी घाई असती म्हणून.

गेल्या पावसाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तुझ्याकडं राहिले होते ना? तुला वाटलं, आई पट्टी बांधून पडून आहे. एक डोळा झाकलेला होता, दुसरा उघडाच होता माय. आणि कान तर दोन्ही उघडे होते. काम काही नाही, हातात पोथी नाही, नुसतं बसायचं आणि बघायचं. बघितलं मग.

सकाळी कुकरच्या शिट्ट्या चालल्यात, तू ओट्यापाशी, आणि तिथनंच तुझी हाक, "ऊठ, दात घास, अंघोळ कर, युनिफॉर्म घाल, डबा बॅगेत टाक, बाटली भर, पटकन!" एका दमात सगळं. उंटावर बसून शेळ्या हाकल्यासारखं. पोरीनं त्यातलं 'ऊठ' ऐकलं आणि उठली. 'दात घास' पण ऐकलं असेल. पुढचं सगळं त्या शिट्टीत गेलं. ब्रश तोंडात घालून ती गॅलरीत उभी राहिली. तिथं त्या एसीच्या डब्यावर एक पारवा घरटं करत होता. काडी आणायचा, ठेवायचा, ती घसरून खाली पडायची, पुन्हा आणायचा.

मी विचारलं, "काय बघतीस ग?"

"आज्जी, तो बारीक काडी आधी ठेवतोय. म्हणून पडतीय. जाड काडी आधी ठेवली असती तर बसली असती."

"मग सांग की त्याला."

"सांगितलं. ऐकत नाही."

मला हसू आलं. तेवढ्यात तू आलीस, हातात उलथनं. "अजून दातच?" आणि तिच्या हातातला ब्रश घेऊन, "दे इकडं," म्हणून खसाखसा तिचे दात घासलेस. अंघोळ तू घातलीस. बटणं तू लावलीस. बुटाच्या नाड्या तू बांधल्यास. बॅग तू भरलीस. शेतातल्या बुजगावण्याला सदरा घालावा तशी ती दोन हात पसरून उभी. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला आणि तू तिला पाठीला हात लावून बाहेर ढकललंस. दार लागलं तेव्हा तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "बघितलंस आई? एक काम हिच्यानं होत नाही."

एक काम हिच्यानं होत नाही! अगं, तू एक तरी काम तिच्या हातात शेवटपर्यंत राहू दिलंस का? ती भाकरी अर्धी थापती, तोवर तू उचलून तव्यावर टाकतीस आणि मग म्हणतीस, हिला भाकरी येत नाही. येईल कशी?

संध्याकाळी तेच. अभ्यासाला बसली की एक ओळ लिहायची आणि समासात उंदीर काढायची. उंदीर तरी कसा, शेपटी अगदी पानाखालनं वळून पुढच्या पानावर गेलेली. तू बघितलंस आणि पेन्सिल ओढून घेतलीस. "दे, मी लिहिते. तू नुसतं त्याच्यावरनं गिरव." तुझ्या मोबाइलवर तो वर्गातल्या आयांचा ग्रुप आहे ना, तिथं एकेक बाई आपल्या पोराचा पुरा झालेला अभ्यास टाकती. फोटो येतोय, टुंग. दुसरा फोटो, टुंग. प्रत्येक टुंगला तुझी मान वर. मला कळंना, अभ्यास पोरांचा आहे का आयांचा? एवढी पळापळ आमच्या बाजारात शेवटची जीप सुटताना पण नसते.

आणि लिफ्टमधली ती बाई! पोरगी समोर उभी असताना विचारती, "अजून नाड्या बांधता येत नाहीत का हिला?" पोरीला कान नाहीत जसे काही. तू काय केलंस? तू ओशाळून हसलीस. मला वाटलं होतं तू म्हणशील, येतील हो, तुम्हाला काय घाई. तर तू म्हणालीस, "काय सांगू, फार स्लो आहे." स्वतःच्या पोटच्या पोरीची तक्रार परक्या बाईपाशी. त्या लोखंडी पेटीत मला गुदमरल्यासारखं झालं.

तुझ्या सासूबाईंनी तर कळस केला. सोफ्यावर बसून म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं बाई." म्हणजे आमच्या घराण्यात होतं का? मी पट्टीच्या डोळ्यानंसुद्धा त्यांच्याकडं बघितलं. म्हटलं, "विहीणबाई, तुमच्या घराण्यात सगळे पळतच जन्मले असतील, पण कुठवर पोचले ते काही ऐकण्यात नाही." तू मला आत नेऊन चहा दिलास. त्या चहात साखर पण घालायची राहिली होती. मी काही बोलले नाही, घाईत राहतं माणसाकडनं. पण तुझं राहिलं तर ते घाईत राहतं, आणि तिचं राहिलं तर तिला अक्कल नाही, होय का?

डॉक्टरांना दाखवू नको असं मी कधी म्हटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तू तिला घेऊन आलीस तेव्हा आपण तिघी अंबाजोगाईला गेलोच की. त्या डॉक्टरीणबाई किती शांत बोलल्या. कान तपासायला लावले, डोळे तपासायला लावले, तिच्याशी किती वेळ गप्पा मारल्या. पुढं काय बघावं लागेल, कसं बघावं लागेल, ते त्यांनी तुला सांगितलं, मला त्यातलं सगळं कळलं नाही. पण एक कळलं, ते मी तिथंच पदराला गाठ मारून ठेवलं. त्या म्हणाल्या, एका वेळी एकच काम सांगा, जवळ जाऊन सांगा आणि ते पुरं करायला वेळ द्या. तू मान हलवलीस. बाहेर आलो आणि जिन्यातच तू तिला म्हणालीस, "चल पटकन, रुमाल घे, बूट नीट घाल, आजीचा हात धर, खाली बघून चाल." मी मोजलं नाही, पण एक नव्हतं ते.

तुला वाटतं, आईला नातीचा लळा म्हणून ती बोलतीय. लळा आहेच. पण हातातलं काम कुणी ओढून घेतलं की काय होतं, ते मला आतनं ठाऊक आहे. तुला आठवत नसेल, सांगते.

मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती तुझ्या पुस्तकांवरनं, तू दुसरी-तिसरीत होतीस तेव्हा. तू शाळेतनं आलीस की मी तुझं पुस्तक चुलीच्या उजेडात धरायची आणि एकेक अक्षर बोटानं दाबत जायची. 'क'ला काना 'का'. मग पुढचं. तेवढ्यात भाकरी करपायची, मग पुन्हा पहिल्यापासनं. एका ओळीला अर्धी भाजी शिजायची. आणि तू काय करायचीस? तू माझ्या खांद्यावरनं वाकून बघायचीस, तुला दम निघायचा नाही. "आई, दे इकडं, मी वाचून दाखवते!" आणि पुस्तक ओढून घडाघडा वाचायचीस. तू लेकरू होतीस, तुला काय कळणार. तुझे वडील हसायचे, मी पण हसायचे. पण ते अक्षर माझ्या तोंडाशी आलेलं असायचं ग. घास ओठाशी आणावा आणि कुणी काढून घ्यावा, तसं वाटायचं. नंतर तू निजलीस की मी तेच पान पुन्हा उघडायची. कुणी ओढून घ्यायला नसलं की मला यायचं. असंच मला वाचायला आलं. आज मी हे लिहितीय, ते त्यातनंच.

तेव्हाचं तुझं 'दे इकडं' आणि आत्ताचं 'दे इकडं', आवाज तोच आहे बघ. तेव्हा ऐकून मी हसायची. आता माझ्या अंगाची लाही होती.

दिवाळीत ती माझ्याकडं राहिली, तू पुढं निघून गेलीस. तेव्हाचं तुला काहीच माहीत नाही. मी ओसरीत वाकळ घातली होती. जुनी लुगडी, तुझ्या वडलांची धोतरं, तुझा तो कॉलेजातला हिरवा ड्रेस, सगळं एकावर एक आंथरून धावदोरा घालायला बसले होते. ती आली आणि उकिडवी बसून बघत राहिली. मी तिला काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "आज्जी, मी करू?"

मी ओरडून काही सांगितलं नाही. तिला जवळ घेतलं, हातात सुई दिली, म्हटलं, "या कडेपासनं त्या कडेपर्यंत. एवढंच."

तिनं एक टाका घातला आणि थांबली. हिरव्या तुकड्यावरचं फूल बघत बसली. "हे मम्मीचं होतं?" म्हटलं, "होय." "मम्मी एवढी बारीक होती?" मग त्या फुलावर तिनं बोट फिरवलं. मग टाका. मग मांजर आलं. मग टाका. मग तिला वाटलं, दोरा खालच्या बाजूनं कसा दिसतो ते बघावं, म्हणून सगळी वाकळ उलटी. तुझी वहिनी पाणी भरत जाता-येता बघत होती. ती काय गप बसती?

"आत्याबाई, ही वाकळ तुमच्या नातीच्या लग्नाला तरी पुरी व्हईल का?"

मी म्हटलं, "व्हईल. आणि नाही झाली तर अर्धी पांघरंल. तू घागर भर, सांडतीय ती."

पोरगी खाली मान घालून म्हणाली, "मामी, मी लग्न पण हळूच करणार हाय."

वहिनी हसून हसून घागर टेकवून बसली. तिनंही मग कधी टोकलं नाही, उलट येता-जाता विचारायची, "काय ग, कुठवर आली तुझी गाडी?" एका दुपारी एक रांग झाली. वाकडी, कुठं लांब टाके, कुठं मुंगीएवढे. पण या कडेपासनं त्या कडेपर्यंत पोचली. पोरीनं सुई टोचून ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मी केलं." ते तोंड तू बघायला पाहिजे होतंस. तुझ्या त्या ग्रुपवर टाकायचा फोटो तो होता.

दुसरी रांग तिनं धरली आणि अर्ध्यात तुझा फोन आला, शाळा उघडती, जावईबापू घ्यायला येतायत म्हणून. गेली ती.

आणि मग आली येळवस. तू आलीस, जावईबापू आले, पोरगी आली. मला किती आनंद झाला होता. शेतात कडब्याची खोप उभी केली होती, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले होते, तुझ्या भावानं अंबिलानं भरलेलं मातीचं बिंदगं डोक्यावर घेऊन सगळ्या रानाला फेरी मारली होती. भज्जी, उंडे, आंबट भात, खीर. तू हरभऱ्याच्या वाफ्यात उभी राहून फोटो काढलेस, ते पण बरं वाटलं मला. जेवणं झाली आणि दिवस कलायच्या आधी दूध ठेवायची वेळ झाली.

आपल्याकडं काय करतात, ते तुला लहानपणापासनं ठाऊक आहे. नव्या गाडग्यात दूध घालायचं, तीन दगडांवर ठेवायचं, खाली गोवऱ्या पेटवायच्या. आणि ते दूध उतू जाऊ द्यायचं. ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगाला पुढल्या साली पीकपाणी चांगलं, असं आपण धरतो. वर्षातनं एकदा दूध उतू जावं म्हणून माणसं वाट बघत बसतात. गोवरीचा जाळ मंद, दुधाला वेळ लागतो. कुणीतरी त्याच्यापाशी बसावं लागतं.

मी पोरीला जवळ बोलावलं. म्हटलं, "तू बस इथं. दूध वर आलं की हाक मार."

तू लांबनं ओरडलीस, "आई, दुधापाशी हिला? अगं, घरी ही समोर उभी असते आणि दूध उतू जातं! दोनदा गॅस भिजवलाय हिनं. विचारलं तर म्हणते, साय कशी फुगते ते बघत होते."

सगळे हसले. पोरगी हसली नाही. तिनं फ्रॉक गुडघ्यावर ओढला आणि गाडग्यापुढं बसली.

आम्ही जरा बाजूला, तुरीच्या कडेला बसलो. तिथंच तू काढलंस ते हॉस्टेलचं. "आई, माझ्यानं आता होत नाही. मी दमले. रोज सकाळी घरात युद्ध असतं. तिथं शंभर मुलांबरोबर राहिली की आपोआप पळायला शिकेल."

मी म्हटलं, "पळायला शिकंल. पोचंल कुठं?"

"तुझं काय आई, तुझ्याकडे ती सुट्टीत येते. तुला व्हॅन नाही, तुला ऑफिस नाही."

खरं आहे. मला ऑफिस नाही. तुझी दमणूक मला दिसत नाही असं समजू नकोस. पाठ दुखती तुझी, रात्रीची भांडी पण तूच घासतीस, जावईबापू मोबाइल बघत 'मी काही करू का' म्हणतात आणि उठत नाहीत. तेव्हा ते तिथंच होते, त्यांच्या तोंडावर पण मी हे बोलले. ते हुरड्याचं कणीस चोळत राहिले. राग तुझ्या एकटीवर नाही माझा. पण दमली म्हणून कुणी लेकरू दुसऱ्याच्या दावणीला बांधतं का?

तू काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात पोरगी ओरडली.

"आज्जी! आलं! वर आलं! आलं, आलं!"

आम्ही सगळे उठलो. तू सगळ्यांत पुढं. आणि काय झालं? तू पळत गेलीस, वाकून दोन फुंकरा मारल्यास, ओढणीत धरून ते गाडगं दगडांवरनं अलगद उचललंस आणि खाली ठेवलंस. दूध आलं तसं खाली बसलं.

तुझा भाऊ हात डोक्याला लावून उभा.

"तायडे! अगं, काय केलंस! उतू घालायला ठेवलं होतं ते!"

तू गाडग्याकडं बघितलंस, हातातल्या ओढणीकडं बघितलंस. "अरे देवा," म्हणालीस. "हात आपोआप गेला रे."

जावईबापूंना इतक्या वेळात पहिल्यांदा कंठ फुटला, "चला, पुढच्या वर्षीचा पाऊस हिच्या ओढणीत." वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग तू पण हसलीस, मग सगळेच. मला पण हसू आलं, खोटं कशाला बोलू.

पोरगी तेवढी हसत नव्हती. ती उठून उभी राहिली होती. तोंड लाल, धुरानं का रागानं कोण जाणे. तुझ्यापुढं येऊन म्हणाली, "माझं होतं ते! तू कावून घेतलंस?"

'कावून' म्हणाली ती, आपल्या बोलीत. तू तिला रागवायला तोंड उघडलंस. तेवढ्यात पोरगी रडायला लागली. आरडून नाही, उभ्याउभ्या, हात खाली सोडून. "मी बघत होते. मी एवढा वेळ बघत होते. मी हाक पण मारली."

खरंच की. ती उठली नव्हती, हलली नव्हती. समोर बोरीवर पाखरांचा एवढा कालवा चालला होता, मामाची पोरं पतंग घेऊन पळत होती, तरी ती गाडग्यापाशीच होती. आणि तिचं काम जिथं पुरं व्हायचं तिथंच तू हात घातलास.

मी गाडगं पुन्हा दगडांवर ठेवायला लावलं, गोवऱ्या सारल्या. पोरगी बसंना. म्हणाली, "मम्मी पुन्हा घेईल." तेव्हा मी तुला म्हटलं, "तू पण बस तिच्या शेजारी. हात काखेत घाल." तू बसलीस. ऑफिसात एवढ्या माणसांना कामाला लावणारी तू, काखेत हात घालून मातीत बसलीस. दोन वेळा तुझा हात बाहेर आला, मी बघितलं. एकदा पोरीनंच तो धरून खाली दाबला. तुम्हा दोघींना मी असं शेजारी शेजारी, काही न करता बसलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मग दूध आलं. साय फुगली, फाटली, आणि दूध घळाघळा खोपीच्या अंगाला वाहिलं. पोरगी ओरडली, "तिकडं! तिकडं!" आणि तुझ्या अंगावर पडली. तू तिला धरलंस. त्या वेळेला मला वाटलं होतं, चला, आता हॉस्टेलचं नाव निघत नाही.

आणि घरी निघताना गाडीपाशी तू काय म्हणालीस? "चल पटकन, चप्पल घाल, स्वेटर घाल, खिडकीपाशी बसू नको, आजीच्या पाया पड."

काय म्हणावं तुला? माणूस एका दिवसात बदलत नाही हे मलाही कळतं. पी हळद आणि हो गोरी, असं होत नाही. पण मग तेवढीच सबुरी तिच्यासाठी पण ठेव की! तुला तुझी जुनी सवय सोडायला वेळ पाहिजे, आणि त्या नऊ वर्षांच्या पोरीनं मात्र जूनपर्यंत सुधारायचं, नाहीतर हॉस्टेल. हा कुठला न्याय? कुठल्या कचेरीत असा न्याय मिळतो, मला सांग, मी केजच्या तहसिलीत जाऊन विचारून येते.

परवा फोनवर तू म्हणालीस, "रविवारी शाळा बघायला जाणार आहोत." मी विचारलं, "पोरीला विचारलं का?" तू म्हणालीस, "तिला काय कळतंय? तिला विचारलं तर दोन तास उत्तर देत नाही." मग थांब की दोन तास! तुझा एवढा मोठा निर्णय दोन तास थांबू शकत नाही? उत्तर तिच्या तोंडात आलेलं असेल, तू ते पण ओढून घेणार का?

मी तिला फोनवर मागितलं. तू म्हणालीस, ती अंघोळीला गेलीय, कधी बाहेर येईल सांगता येत नाही. म्हटलं, मी धरते फोन. धरला. तू फोन ओट्यावर ठेवून दिलास, तुझी भांडी ऐकत बसले मी. मग तिचा आवाज आला.

"आज्जी?"

"बोल बाळ."

मग ती काही बोलली नाही. नुसता तिचा श्वास येत होता. मागनं तुझं चाललेलं, "बोल ना पटकन, आजी वाट बघतेय." मी थांबले. आणि मग ती म्हणाली, "आज्जी, माझी सुई काढली का?"

बघ. दिवाळीपासनं चैत्र आला. शाळा, अभ्यास, तुझी ओरड, सगळं मधनं गेलं. आणि जिचं लक्ष कुठं लागत नाही म्हणतीस, तिचं लक्ष इथं ओसरीत राहिलंय.

नाही काढली तिची सुई. वाकळ गुंडाळून फडताळावर ठेवलीय, दुसऱ्या रांगेच्या मध्यावर तिची सुई टोचून. वहिनी म्हणाली, आत्याबाई, एका बसणीत पुरी करून टाकते, थंडी गेली तरी पोरांना खाली आंथरायला होईल. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. ती रांग जिची आहे तिनंच घालायची.

हे सगळं रागानं लिहिलंय, वाचून तू पण चिडशील. चीड. पण चिडून तिकडं बसू नकोस, इकडं येऊन माझ्याशी भांड. त्या शाळेला रविवारी जाऊ नका. शाळा कुठं पळून चाललीय? आधी इकडं या. जावईबापूंना पण आण, त्यांना घागरी भरायला लावते. तुला मी काही करू देणार नाही, तू नुसती आडवी हो, तुझ्या पाठीला तेल लावून देते. आणि पोरगी ओसरीत बसंल तिची वाकळ घेऊन. तू फक्त एकदा, या कडेपासनं त्या कडेपर्यंत, तिच्या शेजारी बसून बघ. मग तिला विचार, हॉस्टेलला जातीस का. ती उत्तर देईपर्यंत आपण दोघी थांबू. चहा करीन मी, साखर घालून. त्यातनं ती हो म्हणाली तर मी स्वतः तिची पेटी भरून देईन, एक शब्द बोलणार नाही.

पण ये. या शनिवारीच ये. केजला उतरलात की फोन कर, तुझा भाऊ गाडी घेऊन येईल. आणि येताना तिला चप्पल घालायला जरा वेळ दे, एखादी एस.टी. सुटली तर सुटू दे, मागनं दुसरी येती. मी दारातच बसलेली असेन. ये ग माय, लवकर ये.